कालपर्यंत पडणारा बॉल आज हातातून सुटेना

१४-१५ वर्षांचा डावखुरा स्पिनर. मुंबईच्या शालेय क्रिकेटमधल्या गाइल्स शील्डमध्ये विकेट काढून आता त्यावरच्या हॅरिस शील्डच्या टीममध्ये आलेला. मग एका सामन्यात त्याचा एक बॉल फलंदाजाच्या डोक्यावरून जातो, पुढचा स्वतःच्याच पायाजवळ आपटतो, तिसरा लेग स्लिपच्याही बाहेरून. आझाद मैदानावर खेळपट्ट्या एकमेकींत गुंतलेल्या, त्यामुळे तो बॉल शेजारच्या मॅचचा फिल्डर हसत परत फेकतो. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. "सर, बॉल हातातून सुटतच नाहीये," असं मुलगा सांगतो. त्यावर सरांचं ठरलेलं उत्तर असतं: "नाटकं बंद कर. नेटमध्ये जा आणि शंभर बॉल टाक."

त्या शंभर बॉलमुळे दुखणं बहुतेक वेळा आणखी मुरतं.

या प्रकाराला क्रिकेट आणि गोल्फमध्ये यिप्स म्हणतात. जिम्नॅस्टिक्समध्ये ट्विस्टीज, तिरंदाजीत टार्गेट पॅनिक, डार्ट्समध्ये डार्टायटिस. नावं वेगळी असली तरी तक्रार एकच: वर्षानुवर्षं विचार न करता जमणारी, अगदी प्राथमिक गोष्ट एका दिवशी जमेनाशी होते. फॉर्म जाणं हे नव्हे. फॉर्म गेलेल्या फलंदाजाचं टायमिंग चुकतं, शॉटची निवड चुकते, पण बॅट कशी फिरवायची हे त्याला येत असतं. यिप्समध्ये मूळ कृतीच मोडते. खेळाडूला ती तोंडपाठ सांगता येते, दुसऱ्याला शिकवताही येते, फक्त करता येत नाही.

आणि हे नवशिक्यांना होत नाही. २००१ साली लॉर्ड्सवरच्या वनडे फायनलमध्ये लेस्टरशायरचा वेगवान गोलंदाज स्कॉट बॉसवेल याची दुसरी ओव्हर १४ बॉलची झाली. त्यातले ८ वाइड होते. बेसबॉलमध्ये २००० सालच्या प्लेऑफ सामन्यात सेंट लुइसचा २१ वर्षांचा पिचर (तिथला बॉलर) रिक अँकिल याने एकाच इनिंगमध्ये ५ वाइल्ड पिच टाकले, म्हणजे मागे बसलेल्या कॅचरलाही (तिथल्या विकेटकीपरलाही) अडवता येऊ नयेत असे बॉल. गोल्फमध्ये चार मेजर, म्हणजे सर्वांत मोठ्या स्पर्धा, जिंकलेल्या एर्नी एल्सने २०१६ च्या मास्टर्समध्ये पहिल्याच होलवर जेमतेम ३ फुटांवरून बॉल आत घालायला ६ फटके घेतले.

अँकिलची पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे. पिचिंग सोडून तो आउटफिल्डर, म्हणजे मैदानाच्या टोकाला उभा राहणारा फिल्डर झाला आणि २००७ मध्ये मोठ्या लीगमध्ये परतला. पुढच्या वर्षी त्याने मैदानाच्या टोकावरून थेट तिसऱ्या बेसवर असे थ्रो केले की लोक आजही ते व्हिडिओ बघतात. हात तोच आणि खांदाही तोच. न्यूयॉर्क मेट्सचा कॅचर मॅकी सॅसर याचं उलटं होतं. धावणाऱ्या खेळाडूला बाद करायला तो दुसऱ्या बेसवर जोरात फेकू शकायचा, पण पिचरला बॉल नुसता परत देताना त्याचा हात दोन-तीनदा अडखळायचा.

यातून एक सूत्र दिसतं. यिप्स बहुधा अशा कृतींना गाठतात ज्या खेळाडू स्वतः सुरू करतो आणि ज्यांच्या आधी विचार करायला मोकळा वेळ असतो: बॉलिंग, गोल्फमधलं पटिंग (बॉल हलकेच होलमध्ये ढकलणं), टेनिस किंवा बॅडमिंटनची सर्व्हिस, बास्केटबॉलचा फ्री थ्रो, बाण सोडणं. समोरून आलेल्या बॉलवर झेप घेताना तो वेळच मिळत नाही. म्हणून बॉलिंग हरवलेला मुलगा कव्हरमधून थेट स्टंप उडवतो, आणि बघणाऱ्यांना वाटतं की हा बॉलिंगच्या वेळी मुद्दाम करतोय.

डोकं हातात कुठे लुडबुड करतं

कौशल्य शिकताना सुरुवातीला प्रत्येक गोष्ट शब्दांत असते: पाय इथे, खांदा तिथे, मनगट असं. हजारो वेळा केल्यावर ते शब्द गळून पडतात आणि हालचालींची एक सलग साखळी उरते. यूपीआयचा पिन बोटं बिनचूक दाबतात, पण कुणी आकडे विचारले तर क्षणभर आठवत नाहीत. तसंच हे आहे. ही साखळी मेंदूच्या ज्या भागांकडून चालते त्यांना सूचना लागत नाहीत. उलट चालू कृतीत जाणीवपूर्वक सूचना घुसवली की साखळीचे तुकडे पडतात, आणि प्रत्येक तुकडा वेगळा सुरू करून वेगळा थांबवावा लागतो. तेवढा वेळ शरीराकडे नसतो.

इंग्लंडमध्ये रिच मास्टर्स यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेला पटिंगचा प्रयोग या विषयातला पाया मानला जातो. एका गटाला पटिंगचे नियम वाचायला देऊन शिकवलं. दुसऱ्या गटाला नियम दिले नाहीत, शिवाय सराव करताना सतत तोंडाने कुठलीही अक्षरं बोलायला लावली, म्हणजे स्वतःला सूचना द्यायला डोकं मोकळंच राहू नये. नंतर दोघांवर दडपण आणलं, तेव्हा नियम वाचलेला गट ढेपाळला आणि दुसरा टिकला. आपल्याकडे प्रत्येक नेटमागे तीन काका उभे असतात आणि तिघं तीन सल्ले देतात, त्याचा इथे जरा विचार करावा.

आता हे तुकडे पडल्याने नेमकं किती बिघडतं ते आकड्यांत बघू. प्रौढ स्पिनरचा बॉल ताशी ८० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला साधारण २२ मीटर वेगाने सुटतो. त्या क्षणी हात सेकंदाला सुमारे १,००० अंश इतक्या वेगाने फिरत असतो. म्हणजे ५ मिलिसेकंदांत ५ अंश. बॉल २.१ मीटर उंचीवरून अगदी आडवा सुटला तर तो हातापासून १४ मीटरच्या थोडा पुढे पडतो, स्पिनरसाठी चांगला टप्पा. तोच ५ मिलिसेकंद उशिरा सुटला तर ११ मीटरच्या आत आपटतो. ५ मिलिसेकंद लवकर सुटला तर १९ मीटरपर्यंत जातो, म्हणजे फलंदाजाला सरळ फुलटॉस. हवेचा विरोध सोडून केलेला हा ढोबळ हिशेब आहे, पण मुद्दा लक्षात यावा. सेकंदाचा दोनशेवा भाग इकडेतिकडे झाला की बॉल ४-५ मीटर सरकतो. इतका बारीक क्षण कुणालाही ठरवून पकडता येणार नाही. "बॉल आता सोडायचा" असा विचार ज्याच्या मनात आला, त्याचा क्षण हुकलाच. इंग्लिश क्रिकेटमध्ये फिल एडमंड्स आणि कीथ मेडलीकॉट या डावखुऱ्या स्पिनर्सना हेच दुखणं जडलं होतं. मेडलीकॉटची काउंटी कारकीर्द ऐन तारुण्यात संपली.

सगळ्यांचं कारण मात्र मनातच असतं असं नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी गोल्फरांचा अभ्यास करून यिप्सची दोन टोकं मांडली. एका टोकाला दडपणामुळे होणारी गडबड. दुसऱ्या टोकाला फोकल डिस्टोनिया, म्हणजे ठरावीक कामाच्या वेळीच ठरावीक स्नायूंचं बिघडलेलं नियंत्रण. लिहिताना हात आखडणं किंवा पियानो वाजवणाऱ्याची बोटं आपोआप वळणं ही त्याचीच रूपं. यात मनगट आत वळवणारे आणि बाहेर वळवणारे स्नायू आलटून पालटून काम करण्याऐवजी एकाच वेळी आवळतात आणि हात जागीच अडकतो किंवा झटका देतो. बहुतेक खेळाडू या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात. मुळात छोटा झटका येतो, त्याची भीती बसते, भीतीने लक्ष हाताकडे जातं आणि झटका वाढतो.

सुरुवात कशाने होते याची कारणं साधी असतात. बोटाची किंवा खांद्याची दुखापत, जी बरी झाली पण दरम्यान बॉल सोडायची पद्धत बदलली. कोचने मोसमाच्या मध्येच बदललेली अ‍ॅक्शन. १३ ते १५ या वयात झपाट्याने वाढलेली उंची, त्यामुळे हाताची लांबी वेगळी आणि जुना क्षण लागू नाही. किंवा कांगा लीगसारख्या पावसाळी सामन्यात ओला बॉल निसटून लोकांसमोर झालेली एखादी फजिती. पहिला खराब बॉल कुणालाही पडतो. दुसऱ्या बॉलच्या आधी खेळाडू स्वतःच्या हाताकडे बघायला लागला की पुढची साखळी सुरू होते.

मैदानावर काय करायचं

आधी थांबवायचं. किमान दोन आठवडे पूर्ण रनअपने, फलंदाजासमोर एकही बॉल नाही. बॅटिंग, फिल्डिंग, फिटनेस चालू. टीममधून काढायचं नाही आणि त्याची घोषणाही करायची नाही. दर सरावाला ५० बिघडलेले बॉल टाकणारा मुलगा बिघडलेल्या हालचालीचाच सराव करत असतो, म्हणून हा विराम.

मग पारख. चार गोष्टी वेगवेगळ्या करून बघायच्या: बॉल हातात न घेता नुसती अ‍ॅक्शन; ५ मीटरवरून रिकाम्या नेटमध्ये बॉल; तेच डोळे मिटून; तेच रबरी किंवा टेनिस बॉलने. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये, २४० फ्रेम असतील तर उत्तम, बाजूने आणि मागून व्हिडिओ घ्या. बॉल हातात नसतानाही आणि आसपास कुणी नसतानाही मनगटाला झटका येत असेल तर डिस्टोनियाची शंका घ्यावी. एकट्याने सगळं सुरळीत आणि फलंदाज आला की बिघाड, तर भीतीचा वाटा मोठा. हे व्हिडिओ कोचने बघावेत. मुलाला दाखवून "इथे बघ, तुझं मनगट" असं समजावत बसलात तर ज्या गोष्टीवरून त्याचं लक्ष उठवायचंय तिथेच ते चिकटवाल.

उभारणी करताना तत्त्व एकच: कृती इतकी वेगळी करायची की मेंदूला जुनं काम वाटू नये, आणि मग ती हळूहळू जुन्या कामाच्या जवळ आणायची. आम्ही सुचवतो तो क्रम असा. पहिल्या टप्प्यात रनअप नाही, स्टंप नाहीत, ५-६ मीटरवरून नेटच्या जाळीत रबरी बॉल. रोज २०-३० बॉल, त्याहून जास्त नाही, आणि लागोपाठ दोन झटके आले की त्या दिवसापुरतं बंद. सलग तीन सत्रं स्वच्छ गेली की अंतर ११ यार्डांवर. मग १६, मग पूर्ण २२. अंतर पूर्ण झाल्यावर लेदर बॉल, त्यानंतर दोन पावलांचा रनअप, त्यानंतर पूर्ण. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. अंतर आणि बॉल एकाच दिवशी बदलले आणि बिघडलं, तर कशाने बिघडलं ते कळत नाही.

फलंदाजही असाच हप्त्याहप्त्याने आणायचा. आधी क्रीजवर रिकामी बॅग, मग बॅट नसलेला मित्र, मग बॅट घेऊन नुसता उभा राहणारा, शेवटी खेळणारा. हे हास्यास्पद वाटतं खरं, पण फलंदाजाचा आकार समोर दिसणं हाच पुष्कळदा ठिणगीचा क्षण असतो.

या काळात लक्ष बाहेर ठेवायचं. हात, मनगट, बोटं हे शब्द सरावात वापरायचेच नाहीत. बॉल कुठून आत येताना दिसायला हवा, टप्पा पडल्यावर आवाज कसा यायला हवा, एवढंच बोलायचं. रनअपमध्ये मनात ताल मोजणं किंवा एखादी ओळ गुणगुणणं उपयोगी पडतं, कारण सूचना देणारं डोकं त्यात गुंततं. जर्मनीत युर्गेन बेकमन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये आणखी एक युक्ती तपासली. उजव्या हाताच्या खेळाडूंनी दडपणाच्या कृतीआधी डाव्या हातात मऊ बॉल दाबला तर त्यांची कामगिरी कमी घसरली. तो प्रयोग ऐनवेळच्या दडपणाचा होता, मुरलेल्या यिप्सचा नव्हता, आणि डावखुऱ्यांना तो तसाच लागू होईल असं धरू नका. करून बघायला खर्च मात्र काही नाही.

कधी कधी तंत्रातच खरी खोट असते आणि सगळे मनाच्या मागे लागलेले असतात. टेनिसपटू अरिना सबालेंकाने २०२२ च्या सुरुवातीला अ‍ॅडलेडमध्ये एका सामन्यात २१ डबल फॉल्ट (लागोपाठ दोन्ही सर्व्हिस चुकणं) केले, वर्षभरात चारशेच्या वर. त्याच वर्षी तिने बायोमेकॅनिक्सच्या, म्हणजे शरीराच्या हालचालींच्या शास्त्राच्या तज्ज्ञाबरोबर सर्व्हिसची हालचाल नव्याने बसवली आणि जानेवारी २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. म्हणून पारख आधी, उपाय नंतर. आणि तंत्र बदलायचंच असेल तर एकाच माणसाने, स्पर्धा नसताना बदलावं.

सामन्यात परतताना पहिली ओव्हर देऊ नका, शेवटची तर नाहीच. मधल्या ओव्हर्समध्ये, धावांचा ताण नसताना, दोन ओव्हर्सचा स्पेल, आणि तो कसाही गेला तरी दोनच. वाइड पडला की मिड-ऑफवरून धावत येऊन खांद्यावर हात ठेवणाऱ्या कॅप्टनला आधीच सांगून ठेवा: जागेवर राहा, बॉल नेहमीसारखा परत दे.

हवेत हरवणं: इथे सराव चालू ठेवणं धोक्याचं

बॉलरच्या यिप्समध्ये जास्तीत जास्त मॅच जाते. जिम्नॅस्टचा जीव जाऊ शकतो.

टोकियो ऑलिम्पिकमध्ये, जुलै २०२१ च्या सांघिक फायनलला, अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने व्हॉल्टवर अडीच गिरक्यांची अमानार उडी ठरवली होती. हवेत तिच्या दीडच गिरक्या झाल्या. आपण हवेत कुठे आहोत तेच तिला कळेना. ती स्पर्धेतून बाजूला झाली तेव्हा घाबरली, पळाली अशी बडबड आपल्याकडेही झाली. ती बडबड करणाऱ्यांनी उडीचं गणित बघितलं नव्हतं. कोलांटी एका अक्षाभोवती आणि गिरकी दुसऱ्या, दोन्ही एकाच वेळी, हवेतला काळ सुमारे एक सेकंद. कानाच्या आतल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका शरीर किती वळलं ते मेंदूला सांगतात, डोळे जमीन कधी दिसते ते सांगतात, आणि मेंदू ते आधीपासून बसवलेल्या हालचालीशी जुळवतो. हा मेळ तुटला तर गिरकी मध्येच थांबते किंवा नको तिथे सुरू होते, आणि उतरताना पायांच्या जागी मान येऊ शकते.

तिने काय केलं ते नीट बघण्यासारखं आहे. जुंतेंदो विद्यापीठाच्या टोकियोजवळच्या जिममध्ये, जिथे मऊ फोमवर पडता येतं, तिने उड्या तपासल्या. गिरक्या परत येत नव्हत्या. ३ ऑगस्टला ती बीमवर उतरली, पण शेवटची उडी बदलून: गिरकी काढून टाकलेली डबल पाइक. कांस्यपदक मिळालं. २०२४ ला पॅरिसमध्ये सांघिक, ऑल-अराउंड आणि व्हॉल्टचं सुवर्ण. ट्रॅम्पोलिनमध्येही याच प्रकाराचं वेगळं रूप आढळतं, एखादा प्रकारच मेंदूतून पुसल्यासारखा होतो. ब्रिटनची ब्रायनी पेज त्यातून गेली आणि पुढे रिओत रौप्य, पॅरिसमध्ये सुवर्ण घेऊन आली.

शिवाजी पार्कपासून पार्ल्यापर्यंत मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक्स शिकणाऱ्या मुलांसाठी याचा अर्थ सरळ आहे. "हवेत काळोख झाला", "कुठे आहे कळलं नाही", "उडी मध्येच दुसरी झाली" यांतलं काहीही मूल बोललं की त्या दिवशी तो प्रकार बंद. "आणखी एकदा कर, भीती मोडेल" हे इथे चालत नाही. नंतर गिरकी नसलेल्या, पक्क्या येणाऱ्या उडीपर्यंत मागे जायचं. तिथून ट्रॅम्पोलिन आणि कमरेचा सेफ्टी बेल्ट, मग फोमचा खड्डा, मग जाड मॅट, मग नेहमीची मॅट. गिरकी वाढवायची ती अर्ध्या-अर्ध्याने. एक प्रकार हरवला की त्याच दिशेने फिरणारे बाकीचेही हरवू शकतात, म्हणून तेही तपासून घ्यायचे. स्पर्धेची तारीख जवळ असेल तर सेट, म्हणजे सादर करायच्या प्रकारांचा क्रम, सोपा करायचा.

डॉक्टर कधी

बोटं बधिर होणं, हातातली ताकद कमी होणं, झटका खेळाबाहेर म्हणजे लिहिताना किंवा चमच्याने जेवताना येणं, किंवा जिम्नॅस्टला जमिनीवरही चक्कर येणं, यांतलं काही असेल तर मानसतज्ज्ञाच्या आधी न्यूरॉलॉजिस्ट किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ. मुंबईत केईएम, नायर, जे. जे. यांसारख्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत न्यूरॉलॉजी विभाग आहेत. डिस्टोनिया ठरला तर बोट्युलिनम इंजेक्शनचा पर्याय असतो, पण ते स्नायू सैल करतं, त्यामुळे बॉलला फिरकी देणाऱ्या बोटांच्या बाबतीत फायदा आणि तोटा दोन्ही तोलावे लागतात.

धडधड आणि थरथर कमी करणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्या ओळखीच्या केमिस्टकडून आणून देऊ नका. दमा असलेल्या मुलाला त्या घातक ठरू शकतात. शिवाय गोल्फ, डार्ट्स, बिलियर्ड्स अशा खेळांत स्पर्धेच्या काळात त्यांच्यावर उत्तेजकविरोधी नियमांनी बंदी आहे, तिरंदाजी आणि नेमबाजीत तर स्पर्धा नसतानाही. तपासणीला जाताना मैदानावर घेतलेला स्लो मोशन व्हिडिओ आणि बॉल सोबत न्या. डॉक्टरांसमोर नुसता हात पुढे केला तर तो अगदी ठणठणीत दिसतो. झटका बघायचा तर हातात बॉल हवा.